गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे

कायदा म्हणजे कोर्ट आणि कोर्ट म्हणजे तारीख, फी आणि बदनामी, हे समीकरण आपल्या बहुतेक घरांत पक्के बसलेले आहे. म्हणूनच बारावीनंतर मुलीने काय शिकावे याची चर्चा निघाली की डी.एड., नर्सिंग, फार्मसी, बी.सी.ए. ही नावे झटपट येतात आणि ‘कायदा’ म्हटले की सगळे एकमेकांकडे बघतात. एखादी अम्मी हळूच विचारते, ‘टीचर, काळा कोट घालून मुलगी पुरुषांच्या गर्दीत उभी राहणार का?’ तिच्या काळजीला आम्ही नावे ठेवत नाही. पण कायद्याच्या शिक्षणाला आणखी एक दरवाजा आहे आणि तो कोर्टात नव्हे, वर्गात उघडतो. कायदा शिकवणाऱ्या, त्यावर लिहिणाऱ्या आणि चुकीच्या निकालाला शांतपणे चूक म्हणणाऱ्या एका प्राध्यापिकेची ओळख आम्ही या वेळी करून देणार आहोत. त्यांनी काय केले हे कळले, तर आज आपल्या लेकीबाळींना मिळणारे काही हक्क कुठून आले तेही कळेल.

त्यांचे नाव लोतिका सरकार. जन्म ४ जानेवारी १९२३, बंगाली घराण्यात. वडील सर धीरेन मित्र नामवंत कायदेपंडित. लोतिकांनी केंब्रिजला जाऊन कायद्याचे उच्च शिक्षण घेतले, डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून त्या दिल्ली विद्यापीठाच्या कायदा विभागात शिकवू लागल्या. त्या विभागात शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वर्गात बहुतेक मुलगे, शिक्षकांच्या खोलीत सगळे पुरुष आणि विषय फौजदारी कायदा, म्हणजे खून, मारहाण, बलात्कार. त्या काळी बाईमाणसाने हे शब्द तोंडातून काढणेसुद्धा अवघड होते. लोतिकाबाईंनी ते फळ्यावर लिहून शिकवले. त्यांचे आडनाव ‘सरकार’, पण सरकारला आणि न्यायालयाला प्रश्न विचारायला त्या कधी कचरल्या नाहीत.

आकड्यांनी मत बदलले

त्यांच्या कामाला मोठे वळण मिळाले ते १९७१ मध्ये. भारतातील स्त्रियांची खरी स्थिती काय आहे हे शोधण्यासाठी केंद्र सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष डॉ. फुलरेणू गुहा, पुढे सदस्य-सचिव म्हणून वीणा मजुमदार, आणि कायद्याच्या जाणकार म्हणून लोतिका सरकार. आपल्या मुंबईच्या कामगार नेत्या मणिबेन कारा याही सदस्य होत्या. समितीसाठी लागणाऱ्या संशोधनाला ज्यांनी मोठा हातभार लावला ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्याचे. आम्हा शिक्षकांना त्यांचे नाव बी.एड.च्या पुस्तकातून ठाऊक असते, पण स्त्रियांच्या प्रश्नाशी त्यांचा असा संबंध होता हे फार थोड्यांना माहीत आहे.

१९७४ च्या अखेरीस समितीचा अहवाल तयार झाला. त्याचे नाव ‘समानतेकडे’ या अर्थाचे होते, पण आतले चित्र उलटे होते. १९०१ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये त्या ९३० वर आल्या. देश स्वतंत्र झाला, दवाखाने वाढले, शाळा वाढल्या आणि बायका मात्र कमी होत गेल्या. १९७१ मध्ये शंभर स्त्रियांपैकी जेमतेम १९ स्त्रियांना लिहिता-वाचता येत होते. संविधानात समानता लिहिली म्हणजे ती घरात आली असे नाही, हे या अहवालाने सरकारच्याच कागदावर मांडले.

अहवालाचा एक भाग आपल्याशी थेट संबंधित आहे. मुसलमान चार-चार बायका करतात, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी झालेल्या पाहणीचे आकडे या अहवालाने समोर ठेवले. एकापेक्षा जास्त बायका असण्याचे प्रमाण मुस्लिमांत ५.७ टक्के तर हिंदूंत ५.८ टक्के होते, आणि आदिवासी समाजात ते याहून बरेच जास्त होते. म्हणजे ही रीत एका धर्माची नव्हती, ती पुरुषांची होती. हा आकडा आपल्याला बाहेर बोलायला बरा वाटतो. पण प्रामाणिकपणे पुढचेही सांगायला हवे. त्याच समितीने बहुपत्नीत्वावर स्पष्ट टीका केली आणि सर्व धर्मांतल्या कौटुंबिक कायद्यांत स्त्रीला कमी मिळते असे नोंदवून बदल सुचवले. सगळ्यांसाठी एकच कायदा असावा, ही त्यांची शिफारस आपल्यातल्या अनेकांना मान्य नाही आणि त्यावर वाद चालू राहील. तरी आकड्याने गैरसमज मोडला तरी घरात सवत आलेल्या बाईचे दुःख त्याने कमी होत नाही, हे विसरता येत नाही.

या अहवालातली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच्या शेवटी आहे. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा द्याव्यात का, यावर समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी नकार दिला. लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी वेगळे मत लेखी नोंदवले आणि जागा राखीव ठेवा असे सांगितले. खरे तर या दोघी राखीव जागांच्या बाजूच्या नव्हत्या. आपण शिकलो तशा इतरही शिकतील आणि पुढे येतील, असा त्या पिढीचा भरवसा होता. पण देशभर फिरल्यावर, आकडे पाहिल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि ते लपवले नाही. त्यांचे म्हणणे त्या वेळी मागे पडले. पुढे १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. आज आपल्या गावात एखादी आपा सरपंच म्हणून ग्रामसभेत बोलते, तेव्हा त्या पानभर वेगळ्या मताची आठवण ठेवायला हरकत नाही. लोकसभा आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती यायला मात्र २०२३ साल उजाडले.

देसाईगंजची ती रात्र

आता ज्या प्रकरणामुळे लोतिका सरकार हे नाव कायद्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, तिकडे वळू. हे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातले आहे.

२६ मार्च १९७२. चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज, जे आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. एक अनाथ आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळाच्या आत. भावाबरोबर राहायची आणि दुसऱ्याच्या घरी मोलमजुरी करायची. त्या घरातल्या एका तरुणाशी तिला लग्न करायचे होते. भावाला ते पटले नाही, त्याने पोलिसांत तक्रार दिली. रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावले, जबाब घेतले आणि बाकीच्यांना जायला सांगून मुलीला मागे थांबवले. घरचे लोक बाहेर ताटकळत उभे राहिले. आतले दिवे गेले, दार बंद झाले. बाहेर हाका मारमारून गर्दी जमली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सांगितले की एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यायलेल्या दुसऱ्याने तिची छेड काढली.

त्या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांत छापलेले आहे, प्रकरणही त्याच नावाने ओळखले जाते. आम्ही ते इथे लिहीत नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव छापू नये असा कायदा आहे आणि तो कायदा याच प्रकरणानंतर आला.

खटला चालला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले. न्यायालयाने मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवले आणि जे झाले ते तिच्या राजीखुशीने झाले असे म्हटले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने दबून जाणे वेगळे आणि राजी असणे वेगळे, असे उच्च न्यायालयाने सांगितले आणि दोघांना शिक्षा दिली. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांचीही सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही. प्रतिकार केला नाही, म्हणजे ती राजी होती. असा तो हिशेब होता.

देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने एकदा सांगितले की विषय संपला, असे आपण समजतो. निकाल कायद्याच्या जाड पुस्तकात छापला गेला आणि ते पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवर गेले. तिथून तो वाचला तो कायदा शिकवणाऱ्यांनी.

चार शिक्षकांचे पत्र

१६ सप्टेंबर १९७९ रोजी चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. यात कुणी पुढारी नव्हता आणि कुणाच्या मागे पक्षही नव्हता. चौघेही शिक्षक. निकालाच्या विरोधात न्यायालयाला उघड पत्र लिहिणे त्या काळी जवळजवळ न ऐकलेले होते. न्यायालयाचा अवमान झाला असे कुणी म्हटले असते, तर नोकरीवर गदा येण्याची भीती होती.

पत्रात शिव्याशाप नव्हते. त्यात प्रश्न होते, आणि ते एखाद्या चांगल्या शिक्षकाने वहीच्या समासात लिहावेत तसे नेमके होते. राजी असणे आणि दबून जाणे यातला फरक न्यायालयाने का पाहिला नाही? ती मुलगी किती वर्षांची होती, किती गरीब होती, तिला आपले हक्क ठाऊक होते का, हे निकालात का आले नाही? पोलीस ठाण्याच्या नावानेच गरीब माणसाला जो घाम फुटतो, त्याचा विचार कुणी केला का? रात्री, बंद दारामागे, अंगावर वर्दी असलेल्या दोन पुरुषांसमोर एका लहान मुलीने नेमका किती प्रतिकार करायचा होता? आणि मुळात तिला रात्री ठाण्यात बोलावलेच कसे?

हा शेवटचा प्रश्न कायद्याच्या कलमाला धरून होता. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे जाऊन पोलिसांनी जबाब घ्यायचा असतो, असा नियम तेव्हाही पुस्तकात होता. तो त्या घरातल्या कुणालाच माहीत नव्हता. ज्यांना माहीत होता त्यांनी तो पाळला नाही आणि वरच्या न्यायालयाने त्याबद्दल नापसंतीचा शब्दही काढला नाही, हे चौघांना सर्वांत जास्त खटकले.

आम्ही रोज वर्गात उभे राहतो, म्हणून या पत्राचा गाभा आम्हाला आमच्या भाषेत समजतो. धडा संपवून शिक्षकाने करड्या आवाजात विचारले, ‘समजले ना सगळ्यांना?’ वर्ग गप्प. याचा अर्थ सगळ्यांना समजले असा होत नाही. पहिल्या बाकावरची गप्प आहे कारण तिला खरेच समजले आहे. शेवटच्या बाकावरची गप्प आहे कारण तिला छडीची आठवण आहे. दोघींची शांतता बाहेरून सारखीच दिसते. ती वेगळी ओळखणे हेच शिक्षकाचे काम, आणि तेच न्यायाधीशाचेही. नागपूरच्या उच्च न्यायालयाने ती ओळखली होती, दिल्लीत ती ओळखली गेली नाही.

सुरुवातीला पत्राकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मग ते हातोहात फिरले, वर्तमानपत्रांत आले आणि १९८० च्या मार्चमध्ये महिला दिनाच्या सुमारास देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मुंबईत याच सुमारास बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. निकालाचा पुन्हा विचार करण्याची मागणी झाली, पण न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले नाही. हे कटू आहे, पण सांगितले पाहिजे. त्या मुलीला स्वतःला काहीच मिळाले नाही. तिच्या नंतरच्या मुलींना मिळाले.

काय बदलले

१९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंग, सरकारी आश्रयगृह किंवा दवाखाना यांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवर तिथल्याच माणसाने अत्याचार केला, तर तो वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली गेली. अशा खटल्यात शरीरसंबंध आल्याचे सिद्ध झाले आणि ‘मी राजी नव्हते’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर ती राजी नव्हती असे धरूनच न्यायालयाने पुढे जायचे, असा पुराव्याचा नियम आला. असे खटले बंद दालनात चालवायचे आणि पीडितेचे नाव छापणारा गुन्हेगार, हेही तेव्हाच ठरले. पीडितेचे चारित्र्य वाईट होते असे दाखवून तिची साक्ष मोडण्याची वाट २००२ च्या दुरुस्तीने बंद झाली. आणि २०१३ मध्ये कायद्यात स्वच्छ शब्दांत लिहिले गेले की स्त्रीने शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून ती राजी होती असे मानता येणार नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. देसाईगंजच्या मुलीला ज्या कारणाने न्याय नाकारला गेला, ते कारण देता येणार नाही असे कायद्याने म्हणायला एकेचाळीस वर्षे लागली.

चौघांपैकी दोघांनी, म्हणजे बक्षी आणि लोतिका सरकार यांनी, पुढे आणखी एक पत्र लिहिले. आग्र्याला सुटका केलेल्या स्त्रियांसाठी सरकारी संरक्षणगृह होते. तिथल्या हालअपेष्टांच्या बातम्या वाचून १९८१ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. ज्या न्यायालयाला त्यांनी दोन वर्षांपूर्वी सुनावले होते, त्याच न्यायालयाचे दार त्यांनी पुन्हा ठोठावले आणि ते उघडले. जगण्याच्या हक्कात इज्जतीने जगण्याचा हक्कही येतो, या मुद्द्यावर ते प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि १९९७ मध्ये त्या गृहावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आले. मानवी हक्क हा शब्द ऐकला की आपल्याला दूरदेशीच्या लढाया आठवतात. लोतिकाबाईंच्या हिशेबी तो आग्र्याच्या एका कुलूपबंद इमारतीतल्या बायकांचा प्रश्न होता.

१९८० मध्ये वीणा मजुमदार आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दिल्लीत स्त्रियांच्या विकासाचा अभ्यास करणारे केंद्र उभे केले. १९८२ मध्ये स्त्री-अभ्यास करणाऱ्यांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, तिच्याही त्या संस्थापकांपैकी होत्या. आज अनेक विद्यापीठांत ‘स्त्री-अभ्यास’ हा विषय दिसतो, तो या पिढीने पायवाट पाडली म्हणून. १९८८ मध्ये त्यांनी खुद्द विधी आयोगाच्या कामाचीच तपासणी करणारे पुस्तक लिहिले. कायदे सुचवणारा हा आयोग स्त्रियांच्या समानतेचा विचार कितपत करतो, हा त्याचा विषय. १९९९ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ अमिता धांडा आणि अर्चना पाराशर या कायद्याच्या अभ्यासक स्त्रियांनी लेखसंग्रह संपादित केला. ज्या विभागात एकेकाळी एकच बाई होती, त्या क्षेत्रात बायकांची एक पिढी उभी राहिल्याची ती पावती होती.

पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी पुढे दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली आणि सामान्य माणसाला कळेल अशा सोप्या भाषेत कायद्याच्या पुस्तिका काढण्याचे काम केले. नियम पुस्तकात आहे पण घरात कुणाला माहीत नाही, हे देसाईगंजचे दुखणे. त्यावरचा इलाज त्यांनी असा शोधला.

लोतिकाबाईंचे म्हातारपण सोपे गेले नाही. पती, पत्रकार चंचल सरकार, वारल्यानंतर दिल्लीतल्या राहत्या घरावरूनच त्यांना झगडावे लागले. आयुष्यभर कायदा शिकवलेल्या बाईवर अशी वेळ आली, हे वाचून वाईट वाटते. पण त्या एकट्या पडल्या नाहीत. जुने विद्यार्थी, सहकारी, मैत्रिणी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले. प्रतिकार न करणे म्हणजे होकार नव्हे, असे सांगणारी दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंजूर झाली. ती पाहायला त्या नव्हत्या.

आपल्या घरात

हे सगळे वाचून ‘छान होत्या बाई’ म्हणून पान उलटू नये, म्हणून काही कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला स्त्रीला पोलीस ठाण्यात जाण्याची सक्ती नाही. पोलिसांनी घरी यायचे आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. हे घरातल्या पुरुषांना जितके माहीत हवे, तितकेच मुलींनाही.

दुसरी. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. साध्या कागदावर अर्ज लिहून द्यावा.

तिसरी. घर, जमीन कुणाच्या नावे करून देताना कागद वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. ‘आम्हाला सांभाळशील’ ही अट कागदात लिहून घ्या. ती लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही, तर २००७ च्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिकाला ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

चौथी, मुलींच्या शिक्षणाची. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पुढे एलएल.एम. करून नेट किंवा पुणे विद्यापीठातर्फे होणारी सेट उत्तीर्ण झाली की कॉलेजात शिकवता येते. काळा कोट घालायचाच असेल तर जरूर घालावा. नसेल घालायचा, तर हातात खडू घेऊनही कायदा बदलतो. तो बदलणाऱ्या चौघांची गोष्ट वर आलीच आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही कोर्टात जात नाही. निकाहच्या वेळी वकील आणि दोन गवाह मुलीकडे जाऊन तिची रजामंदी विचारतात. कुंवाऱ्या मुलीची खामोशी हीच तिची इजाजत, हे आपण सगळे जाणतो. पण ही सवलत लाजेसाठी आहे. मुलीला हो म्हणायला संकोच वाटतो, म्हणून तिच्या खामोशीचा मान राखला. नाही म्हणण्याची तिची ताकद काढून घेण्यासाठी ती सवलत दिलेली नाही. हजरत खन्सा बिन्ते खिदाम यांनी वडिलांनी लावलेला निकाह आपल्याला पसंत नाही असे सांगितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो निकाह रद्द ठरवला. म्हणजे आधी विचारायचे आणि मग उत्तर ऐकायचे. हॉल ठरला, दावत ठरली, कार्डे वाटून झाली आणि मग तिच्यासमोर कागद ठेवला, तर तिची खामोशी लाजेची आहे की धाकाची, हे ओळखणार कोण?

लाजेची खामोशी आणि धाकाची खामोशी. उच्च न्यायालय जे म्हणाले, चार शिक्षकांनी पत्रात जे लिहिले, ते याहून वेगळे नव्हते. मुलीला तिची अम्मी एकांतात, रिश्ता पक्का होण्याच्या आधी, ‘तुला काय वाटते?’ असे विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते, तेव्हा त्या घरात कायद्याचे एक कलम पाळले जाते. त्यासाठी केंब्रिजला जावे लागत नाही.